वच्छलाच्या माथी मारलेला दोष

चैत्रात आमच्या मठातल्या सगळ्याजणी गावोगाव पायी फिरायला निघतात. त्याआधीचा एक दिवस दोष सांगायचा असतो. त्या दिवशी एकेक बाई माझ्यापुढे येते, दंडवत घालते आणि वर्षभराचं मनातलं काढून ठेवते. कोणी भिक्षेतला गुळाचा खडा गुपचूप खाल्लेला असतो, कोणाला माहेरच्या भाच्याचं तोंड सारखं आठवलेलं असतं. मी ऐकते, प्रायश्चित्त सांगते, आणि त्या हलक्या होऊन उठतात. मीही माझ्या थोरल्यांपुढे अशी दरवर्षी बसले — पण जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. एकदाही नाही. आज तुमच्यापुढे बसते. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. तुम्हाला मला प्रायश्चित्त देता येत नाही, हे तर फारच बरं.

आधीच एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही भलतीकडेच बोट दाखवाल. माझा एका बाईवर जीव होता. वच्छला तिचं नाव. बहिणीवर असतो तसा नव्हे, मैत्रिणीवर असतो तसाही नव्हे — नवऱ्यावर असावा असं लोक म्हणतात, तसा. झालं समाधान? आता ते बाजूला ठेवा. ते कबूल करायला मी बसलेली नाही, आणि त्यापायी मी मान खाली घालीन असं वाटत असेल तर इथंच थांबा. माझा गुन्हा वेगळा आहे. तो सांगताना मात्र माझी जीभ जड होते, म्हणून जरा आडवळणानं जाते.

मी उंद्रीची, कुणब्याच्या घरातली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. निजामाचं नाव कागदावर, साहेबाचा हुकूम नागपूरहून — आणि कापूस वेचायला आम्हीच. माझं लग्न मला कळायच्या आधी झालं, आणि नवरा तापाच्या साथीत गेला तेव्हा त्याचा आवाज कसा होता हेही मला ठाऊक नव्हतं. आमच्यात पाट लागतो. म्हणजे विधवेचं दुसरं लग्न होतं, बरेचदा दिराशीच. माझंही तसंच ठरलं. दीर चांगला होता हो. कष्टाळू, निर्व्यसनी, हसतमुख. त्याच्यात काडीची खोट नव्हती. पण त्याच्याजवळ निजायचं हे मनात आलं की मला हुडहुडी भरायची. का, ते कोणाला सांगणार? दिरात खोट काढली असती तर आईनं दुसरा पाहिला असता. मला दुसराही नको होता, तिसराही नको. हे बोलायला आमच्या घरात शब्दच नव्हता.

शब्द नव्हता, पण वाट होती. आमचं घर महानुभाव पंथाचं. आम्ही पाच अवतार मानतो, बाकीच्या देवांचा नैवेद्य खात नाही, आणि आमच्यात बाईलाही घर सोडून संन्यास घेता येतो. त्याला आम्ही अनुसरणं म्हणतो. काळपट लुगड्यातल्या, डोई केलेल्या म्हणजे डोकं भादरलेल्या बाया आमच्या दारी भिक्षेला यायच्या, आणि त्यांच्याबरोबर कोणी पुरुष नसायचा. मी आईला म्हटलं, मला अनुसरायचंय. सगळ्या उंद्रीत बोलबाला झाला, की एवढ्याशा पोरीला वैराग्य आलं. वैराग्य कसलं डोंबलाचं! मला पाट चुकवायचा होता. आणि मी काही पहिली नव्हते. आमच्या मठांमधून अशा किती जणी आल्या असतील, ज्यांना घर नको नव्हतं, संसार नको नव्हता, फक्त पुरुष नको होता? कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. धर्मानं मात्र आम्हाला जागा दिली. देवावर माझा विश्वास तेव्हा होता, आजही आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त टोचतं.

मठ मेहकरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठी होता. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. वच्छला तिथं माझ्याआधी आलेली. ती जानेफळची. तिचं लग्न झालेलं, नवरा जिवंत. नांदायला गेली आणि दिवस मावळला की गोठ्यात जाऊन बसायची, घरात पाऊल टाकेना. सासरच्यांनी ठरवलं, हिला भूत लागलं. आमच्याकडं अशा माणसाला जाळीच्या देवाला, आमच्याच पंथाच्या ठाण्याला, नेतात. तिलाही नेलं. तिथं बाधा झालेल्या बायका केस सोडून घुमत होत्या, आणि एका अंगाला आमच्या पंथाच्या संन्यासिनी शांतपणे फडक्यातून पाणी गाळत बसल्या होत्या. वच्छला उठली आणि त्यांच्यात जाऊन बसली, ती बसलीच. पुढं एकदा मला हे सांगताना ती हसत म्हणाली, "भूत-बीत काई नव्हतं वं गोदे. मले तो नको होता. त्याईले वाटे, इले कोनीतरी धरलं. मंग म्या बी मनलं, असू द्या भूत."

अशी ती. तोंडाळ, धीट, आणि वाचनात आमच्यात सगळ्यांत पुढं. पोथी कळावी म्हणून मठात बायकांना वाचायला शिकवत. मला अक्षरं शिकवली ती वच्छलानं, नदीच्या वाळूत बोटानं काढून. मी चुकले की ती ते अक्षर पुसायची नाही, त्याच्याशेजारी बरोबर काढून ठेवायची आणि दोन्हींकडं बघायला लावायची. आज हे लिहितेय ते तिच्याच जिवावर. ज्या हातांनी शिकवलं त्यांच्याशी मी काय केलं — थांबा, सांगते.

आधी डोई करण्याचं सांगितलं पाहिजे. न्हाव्यानं बाईच्या डोक्याला हात लावायचा नाही, असा आमच्या मठाचा रिवाज होता. पंधरवड्यातून एकदा आम्हीच एकमेकींची डोई करायचो. भिक्षा खाऊन झाली की दुपारी नदीवर जायचं, डोकं भिजवायचं आणि वस्तरा दुसरीच्या हातात देऊन डोळे मिटून बसायचं. त्याला भरवसा लागतो. वच्छलाचा हात हलका होता. डाव्या हाताची बोटं ती माझ्या हनुवटीखाली धरायची आणि डोकं हवं तसं वळवायची. "हलू नको वं, कान कापला जाईन," म्हणायची. मी कुठली हलतेय! मी श्वासही बेतानं घेत होते.

एका दुपारी मी तिची डोई केली, ओल्या फडक्यानं पुसली, वस्तरा खाली ठेवला आणि माझा गाल तिच्या डोक्यावर टेकवला. मी. तिनं नाही — मी. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं मी याच्या उलट सांगितलं. मी दचकून गाल उचलला, तेव्हा ती मागं न बघता म्हणाली, "थांबली काऊन?" त्यापुढचं मी सांगणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते आमच्या दोघींचं आहे, त्यात तुमचा वाटा नाही.

काही वर्षं मी सुखात होते. असं सुख मला ठाऊकच नव्हतं. आम्ही एकाच तुकडीत चालायचो. मेहकर, लोणार, जिथं जिथं आमचे स्वामी बसले-उठले तिथं ओटे बांधलेले आहेत, त्यांना आम्ही डोकं टेकवतो. मी आणि वच्छला एकाच ओट्यापुढं शेजारी शेजारी वाकायचो. तिच्या झोळीत मऊ भाकर पडली की ती माझ्या झोळीत यायची, माझ्या झोळीतली मिरची तिच्याकडं जायची. ओट्यावर डोकं टेकवलं की मला वाटायचं, स्वामींना सगळं दिसतंय आणि त्यांची काही तक्रार नाही. हे वाटणं खोटं होतं म्हणता? तुम्ही विचारून आलात का त्यांना?

संन्यासिनीला हे शोभतं का, असं तुम्ही म्हणाल. आमच्या धर्मात जीव कशावरच जडवायचा नाही — माणसावर नाही, गावावर नाही, पाण्याच्या भांड्यावरसुद्धा नाही. मान्य. पण आमच्या मठाचे महंत, ज्यांना आम्ही बाबा म्हणायचो, त्यांचा आपल्या घोडीवर केवढा जीव होता हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. घोडी लंगडली तेव्हा बाबांनी अन्न सोडलं. चिखलीहून माणूस आणवून तिच्या पायाला लेप लावला आणि स्वतः तिच्यापाशी बसून राहिले. लोक म्हणाले, बाबा किती कनवाळू! त्या जिवाला कोणी दोष म्हटलं नाही. बाबा वाईट नव्हते, मलाही ती घोडी आवडायची. मी एवढंच विचारते, की आमचाच जीव तेवढा तराजूत का घातला?

आता आले. आता यावंच लागेल.

मठातल्या बायांवर देखरेख करणाऱ्या एक वृद्ध संन्यासिनी होत्या, त्यांना आम्ही थोरल्या आई म्हणायचो. फाल्गुनात एकदा मी वाळलेली लुगडी गोळा करत होते. आई जवळ आल्या आणि लुगड्याचा एक पदर माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "गोदे, तुमी दोघी येकमेकीचीच डोई काऊन करता वं? बाकीच्याईच्या डोक्याले काय काटे हायेत?" एवढंच. रागानं नाही. कदाचित त्यांच्या मनात काही नसेलही — मला आजही ते ठाऊक नाही. पण माझी पाचावर धारण बसली. मठातून काढून दिलं तर? उंद्रीला परत जायचं? दीर अजून बिनलग्नाचा होता, माझीच वाट बघत. मी वच्छलाला हे सांगायला हवं होतं. तिनं हसून काहीतरी तोड काढली असती. मी तिला सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तिच्याकडून डोई करून घेणं टाळू लागले, आणि ती विचारायची, "काय झालं वं?" तेव्हा मी म्हणायची, काही नाही.

दोषाच्या दिवसाचा आमच्या मठात एक रिवाज होता. दुसरीचा दोष ठाऊक असून झाकला, तर तो आपला होतो. आणि जिच्यावर दोष लावला तिनं उलटून बोलायचं नाही. दंडवत घालायचा आणि तो पत्करायचा. अहंकार जावा, भांडण होऊ नये म्हणून कोणीतरी भल्या मनानं हे ठरवलं असेल. पण त्याचा अर्थ काय झाला? जी आधी बोलेल ती सुटली. हे मला पुरतं कळत होतं. म्हणूनच मी आधी बोलले.

बाबा समोर, बाजूला थोरल्या आई, मागं सगळ्याजणी, आणि त्यांत वच्छला. मी दंडवत घातला आणि म्हणाले — जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते — "बाबा, माहा सोताचा दोष काई नाई. पन वच्छलाचा जीव माह्यावर जडला. डोई करताना ती माह्याशी बरं वागत नाई. मी लई दिवस झाकलं, तेवढं माहं चुकलं."

आणि मी रडू लागले. रडणं खरं होतं, भीतीचं होतं. पण बघणाऱ्यांना वाटलं, धर्मासाठी पोरीचं काळीज तुटतंय. थोरल्या आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी झटकायला हवा होता. मी त्या हाताखाली आणखी वाकले.

वच्छला बोलेल असं मला वाटलं होतं. सासरच्यांना न भ्यालेली, भुताच्या नावालाही न भ्यालेली बाई, ती गप्प कशी राहील? ती बोलली असती तर दोघीही गेलो असतो. ती उठली, पुढं आली, दंडवत घातला आणि तशीच मागं जाऊन बसली. रिवाज म्हणून गप्प राहिली, की मला वाचवायला? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल! उत्तर मला पहिल्यापासून माहीत आहे. रिवाजासाठी गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

तिला प्रायश्चित्त मिळालं. सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि पुढच्या दोषाच्या दिवसापर्यंत तिच्या दंडवताला कोणी दंडवत द्यायचा नाही. आमच्यात भेटल्यावर, निघताना, उठता-बसता दंडवत असतो. तो परत न मिळणं म्हणजे माणसात असून नसल्यासारखं. एवढ्यावर भागलं नाही. पंजाबात आमच्या पंथाचे मठ होते. तिथले लोक आपल्या घरात पंजाबी बोलत, पण देवापुढं मराठी, कारण आमची पोथी मराठी. तिथल्या बायकांना वाचायला शिकवील अशी एखादी संन्यासिनी मागायला तिकडचे पाहुणे आले होते. खरं तर महाराष्ट्र सोडू नये अशी आम्हाला आज्ञा आहे. पण बाबा म्हणाले, ही सेवाच आहे, आणि लांब गेली की जीवही सुटेल. वच्छलाचं नाव ठरलं.

इतक्या लांब पाठवतील हे मला ठाऊक नव्हतं, असं मी मनाला वर्षानुवर्षं समजावलं. तेही खोटं. पाहुणे आधीपासूनच मठात उतरलेले होते आणि त्यांना पाणी देताना त्यांचं बोलणं मी ऐकलं होतं. शिकवण्याइतकं वाचता येणाऱ्या बायकांत आम्ही दोघीच. कोणातरी एकीचं नाव निघणार होतं. म्हणजे मी नुसती घाबरले नव्हते, माझ्या मनात पक्कं होतं की जाईल ती ती, राहीन ती मी. घाबरटपणाला तुम्ही क्षमा कराल कदाचित. याला करू नका.

निघायच्या आदल्या दुपारी तिची डोई करायची होती. वच्छला नेहमीसारखी माझ्यापुढं पाठ करून बसली. सवयीनं, की मुद्दाम? मी वस्तरा थोरल्या आईंच्या हातात दिला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकेकीला दंडवत घालत माझ्यापर्यंत आली, वाकली. मी खांबासारखी उभी राहिले. रिवाजच होता तसा — नाही का? ती उठली आणि माझ्यापुरतं बोलली, "भेऊ नको." मला तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या.

तिची पोथी वाचायची जागा मला मिळाली. पुढं थोरल्या आई गेल्या आणि त्यांचीही जागा मला मिळाली. माझं नाव पंचक्रोशीत झालं. गावागावांतून आया आपल्या मुलींना सांगायच्या, वैराग्य असावं तर गोदाबाईसारखं, जीव लावणाऱ्या गुरुबहिणीचा दोष भर मठात सांगितला. त्या गुरुबहिणीचं नाव मात्र सांगणाऱ्यांना ठाऊक नसायचं, आणि मी ते कधी सांगितलं नाही. म्हातारी माणसं माझ्या पाया पडायची. मी पाय मागं घेतले नाहीत. एकदा वरवट बकालहून आलेल्या एका बाईनं आपल्या सुनेला माझ्यापुढं बसवलं आणि सांगितलं, इले नवरा नको म्हणते, इले काई समजवा. ती पोरगी माझ्याकडं अशी बघत होती — जशी मी कधीकाळी भिक्षेला येणाऱ्या बायांकडं बघत होते. मी सासूला म्हटलं, पोरीला राहू द्या इथं. ती राहिली. पुढं माझ्यापुढं कोणी दोष सांगितला की माझा अमकीवर जीव जडला, तर मी दोघींना एकाच तुकडीत चालायला सांगायची. त्या कारणानं माझ्या हाताखालून कोणी मठ सोडला नाही. पण हे माझ्या पदरात पुण्य म्हणून टाकू नका. त्यात माझं नाव कुठं बाहेर येत नव्हतं. तेवढंच धाडस मला जमत होतं, फुकटचं.

मग देशाचे दोन तुकडे झाले आणि तिकडच्या मठांतली माणसं जीव घेऊन इकडं आली. त्या हिवाळ्यात काही जण आमच्याकडंही पोचले. त्यांत एक पंजाबी संन्यासिनी होती, माझ्याहून म्हातारी. तिनं जन्मात वऱ्हाड पाहिलं नव्हतं, पण मराठी बोलायची ती थेट पोथीतली, शुद्ध, की आमच्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. वच्छलाचं मी तिला विचारलं नाही. तिच्याभोवती घुटमळत राहिले, तिला घोंगडी दिली, ऊन पाणी दिलं, आणि विचारलं नाही. शेवटी तीच एका दुपारी अंगणात सगळ्यांत बसली असताना म्हणाली, मला मराठी इकडच्याच एका बाईंनी शिकवली, वच्छलाबाईंनी.

मग तिनं सांगितलं. वच्छलानं तिकडं पुष्कळ पोरींना वाचायला शिकवलं. थंडी तिला कधी सोसली नाही. तुकडे व्हायच्या आधीच एका हिवाळ्यात ती गेली. शिकवण्यात तिच्यासारखी कोणी नव्हती, पण तिचं प्रायश्चित्त कधी संपलंच नाही. "प्रतिवर्षी दोष सांगण्याच्या दिवशी त्या एकच दोष सांगत," म्हातारी म्हणाली. आणि तिनं ते वाक्य वच्छलाच्या बोलीत, आपल्या पंजाबी जिभेनं उच्चारलं: "माहा जीव हाये तिच्यावर. सुटला नाई. मी सोडत बी नाई."

दरवर्षी. सगळ्यांसमोर. एक वर्ष नुसतं "सुटला" म्हणाली असती तर दंडवत परत मिळाला असता, पंगतीत बसता आलं असतं, कदाचित इकडं परतही येता आलं असतं. तिनं म्हटलं नाही. म्हातारी म्हणाली, "मी मात्र त्यांस दंडवत देत असे, कोणी पाहत नसता." आमच्या पोरींचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मी सुपात बघत तांदळातले खडे निवडत होते. मला आनंद झाला होता, हे सांगायलाच हवं. एवढं ऐकून मला आधी आनंदच झाला — ती मला विसरली नव्हती. निर्लज्ज, नाही का?

"त्या कोणाविषयी म्हणत, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही," म्हातारी म्हणाली. "याच मठातील कोणी असावी. आपणांस ठाऊक आहे काय?"

बाबा गेले होते. थोरल्या आई गेल्या होत्या, त्या दोषाच्या दिवशी मागं बसलेल्यांतलंही कोणी उरलं नव्हतं. दिराला नातवंडं झाली होती. मठात माझाच शब्द चालत होता, मला काढून देणारं कोणी उरलं नव्हतं. पहिलं खोटं बोलले तेव्हा मी धास्तावलेली पोरगी होते, असं तरी म्हणता येईल. या वेळी काय होतं? खरं सांगितलं असतं तर पायांवर टेकणारी डोकी कमी झाली असती. एवढंच. तरुण संन्यासिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या, वरवट बकालची ती पोरगीही, आता मोठी झालेली.

मी म्हणाले, "नाई. मले काई आठवत नाई."

म्हातारीनं मान हलवली आणि सामानाचं काहीतरी बोलू लागली. हाच माझा गुन्हा. चैत्रातलाही आहेच, पण त्याहून हा मोठा. ती बाई मी होते. सुरुवात माझी होती, जीव दोघींचा होता, माझा अजून आहे, आणि त्याला मी दोष म्हणणार नाही — तुमच्यापुढं नाही, देवापुढंही नाही. दोष एवढाच, की जे ती परक्या मुलखात दरवर्षी उभी राहून सांगत होती, ते मला माझ्या अंगणात एकदाही सांगता आलं नाही, आणि तिची आठवण माझ्या दाराशी आली तेव्हा मी ओळख दाखवली नाही.